पंपातला वायसर

आमच्या घरात सायकलला हवा भरण्याचा एक उभा पंप आहे. खाली दोन्ही पावलांनी दाबून धरायची लोखंडी पट्टी, वर लाकडी मूठ, मध्ये पत्र्याचे नळकांडे आणि कापडी वेष्टणाची रबरी नळी. नळकांड्याचा रंग हिरवा होता असे घरात सर्वांना आठवते. पंपाकडे पाहून मात्र तसे म्हणता येत नाही. वडिलांनी तो जुन्या बाजारातून आणला, एवढीच त्याच्याविषयीची कौटुंबिक माहिती. गेल्या पावसाळ्यात मुलीच्या सायकलमध्ये हवा भरताना त्याची मूठ एकाएकी सैल झाली. वरखाली करताना हाताला काही लागेचना. हवेऐवजी पंपातून नुसता उसासा बाहेर पडत होता.

पंप घेऊन पेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने तो हातात घेऊन एकदा मूठ दाबली आणि परत दिला. "मॅडम, याचा वायसर आता येत नाही. नवा पंप घेऊन जा, परवडेल." हे बोलणे व्यवहाराला धरून होते. तरी मी पंप घरी परत आणला. त्यामागे फार मोठे तत्त्वज्ञान होते असे नाही. वडिलांच्या वस्तूंपैकी रोजच्या वापरात राहिलेली ती शेवटची वस्तू होती, इतकेच. मात्र तो उघडल्यावर जे दिसले, त्याने मला एका लांबच्या रस्त्याने फिरवून आणले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या रस्त्याची हकीकत आहे.

आधी शब्दांविषयी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण पंपाची आकृती काढली, तेव्हा तिच्या भागांना नळकांडे, दट्ट्या आणि झडप अशी नावे दिली. हे तिन्ही शब्द चांगले आहेत. 'दट्ट्या' उच्चारताना तर दाबल्याचा भास होतो. पण दुकानात यांतला एकही शब्द चालत नाही. तिथे शब्द आहे 'वायसर'. मूळ इंग्रजी 'वॉशर' कारागिरांच्या तोंडी 'वायसर' झाला आणि नळाचा, कुकरचा, स्टोव्हचा, पंपाचा असे सर्व वायसर घराघरांत नांदू लागले. पुस्तकातल्या शब्दाने वस्तू समजते आणि दुकानातल्या शब्दाने ती दुरुस्त होते. आपल्या भाषेतल्या या दोन थरांमध्ये जे अंतर आहे ते केवळ शब्दांचे नाही, याकडे पुढे यायचेच आहे.

बिघाड शोधण्याची रीत सोपी आहे. नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून मूठ खाली रेटायची. मूठ विनासायास खाली गेली, तर दोष दट्ट्याच्या वायसरात. दाबलेली मूठ आपोआप वर येऊ लागली, तर तळाशी असलेली छर्ऱ्याची झडप हवा परत सोडते आहे. मूठ जड लागते पण अंगठ्याखाली हवा पोचत नाही, असे असेल तर नळी कुठेतरी चिरली आहे. आमची मूठ पहिल्या प्रकारची निघाली. नळकांड्याच्या तोंडाशी आट्यांवर बसवलेले झाकण पक्कडीने फिरवून काढले आणि दांडा ओढून बाहेर घेतला. दांड्याच्या टोकाला एक नट, दोन चकत्या आणि त्या चकत्यांच्या मध्ये उथळ वाटीच्या आकाराचे एक काळे, कोरडे, कडक झालेले चामडे.

या वाटीत पंपाचे सारे शास्त्र आहे. तिचे तोंड खालच्या बाजूला असते. मूठ खाली दाबली की कोंडलेली हवा वाटीच्या आत शिरते आणि तिचे काठ बाहेर रेटून नळकांड्याला घट्ट चिकटवते. दाब जितका जास्त तितके काठ अधिक घट्ट. मूठ वर ओढली की काठ आत झुकतात आणि बाहेरची हवा त्यांच्या बाजूने खाली उतरते. म्हणजे पुस्तकाने ज्यांना दोन नावे दिली, ती दट्ट्या आणि झडप ही दोन्ही कामे चामड्याचा हा एकच तुकडा करतो. नळकांड्याचा आतला व्यास सव्वा इंच धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सव्वा चौरस इंचाच्या आसपास येते. चाकात दर चौरस इंचाला ४० पौंड दाब हवा असेल, तर शेवटच्या काही खेपांना आपण त्या वाटीवर सुमारे २२ किलोंचा भार टाकत असतो. एवढा भार झेलायचा तर वाटी मऊ हवी आणि तेल प्यालेली हवी. ती वाळली की काठ आक्रसतात, नळकांड्यापासून सुटतात आणि पंप उसासे टाकू लागतो.

चामडे पुसून उजेडात धरले. वाटीच्या एका काठाशी ओळीने सहा बारीक भोके होती. आरीने पाडलेली, सारख्या अंतराची. पंपाच्या वायसराला अशा भोकांचे काहीच काम नसते. पाहता पाहता लक्षात आले की ती शिवणीची भोके आहेत. हा वायसर कारखान्यात झालेला नव्हता. कुणीतरी तो एका जुन्या वहाणेतून कापून काढला होता.

*

योगायोग असा, की हवेच्या पंपाचा लिखित इतिहासही जोड्याच्या चामड्यापासूनच सुरू होतो असे म्हणता येईल. पंप त्याहून कितीतरी जुने आहेत. आपल्या लोहाराचा चामडी भाता हाही हवेचा पंपच. अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबिअसने केलेल्या पाण्याच्या पंपाचे वर्णन रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस याने लिहून ठेवले आहे. त्यातले दट्ट्ये चरकावर कातून गुळगुळीत केलेले आणि तेल लावलेले होते. पण आधुनिक विज्ञानाच्या इतिहासात ज्या हवेच्या पंपाला मानाचे पान मिळते, तो रॉबर्ट हूकने रॉबर्ट बॉइलसाठी १६५९ च्या सुमारास तयार केलेला. बॉइलने १६६० साली आपल्या प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पंपाच्या दट्ट्याचे बारकाईने वर्णन आहे. लाकडी दट्ट्यावर जोड्याच्या कमावलेल्या चामड्याचा एक जाड तुकडा ठोकून बसवला होता आणि तो नीट सरकावा म्हणून खाण्याचे तेल ओतले जाई.

हा पंप गळका होता. त्या गळतीवरून लंडनमध्ये जो वाद पेटला, त्याच्यावर स्टीव्हन शेपिन आणि सायमन शॅफर या दोन इतिहासकारांनी १९८५ साली एक ग्रंथ लिहिला. टॉमस हॉब्जचा आक्षेप साधारण असा, की ज्या यंत्रातून हवा गळते त्याच्या आधारावर निर्वात पोकळीचे सिद्धांत कसे उभे राहतील? चामड्याच्या एका तुकड्याच्या घट्टपणावर ज्ञानाची प्रतिष्ठा अवलंबून होती. याच शेपिनने पुढे १९८९ साली एका निबंधात आणखी एक प्रश्न विचारला. बॉइलच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पंप ओढणारे, काच फुंकणारे, गळती बुजवणारे हात कुणाचे होते? हूक आणि देनी पापँ यांच्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर ती माणसे बॉइलच्या लिखाणात निनावी आहेत. काम यशस्वी झाले की ते बॉइलचे असे आणि बिघडले की नोकराच्या हलगर्जीचा उल्लेख येई. हा निबंध मी पूर्वी वर्गात शिकवण्याच्या निमित्ताने वाचला होता. लंडनच्या त्या नोकरांविषयी मला तेव्हा मनापासून वाईट वाटले होते, हेही इथे नोंदवून ठेवते.

सायकलच्या जगात पंप बराच उशिरा आला. सायकलींना आधी भरीव रबराची चाके असत. त्यांना हवा लागत नसे. रॉबर्ट विल्यम टॉमसनने १८४५ साली हवेच्या धावेचे पेटंट घेतले होते, पण ते लोक विसरून गेले. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली आणि मग ती जगभर गेली. हवेचे चाक आले तसा सायकलस्वाराच्या सोबतीला पंपही आला.

गंमत अशी, की १८८८ हेच साल मराठी माणसाच्या सायकलव्यवहारातही महत्त्वाचे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे सायकल चालवायला शिकले. मुंबईत सायकली विकत घेऊन ते बेळगावला बंधू रामूअण्णांकडे पाठवू लागले आणि १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. डनलॉपचा शोध त्याच वर्षीचा असल्यामुळे दुकानातल्या पहिल्या सायकली भरीव चाकांच्याच असणार, म्हणजे पंपाशिवायच्या. पुढे बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. कडबा कापण्याचे यंत्र, १९०३ साली लोखंडी नांगर, १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी, हा पुढचा प्रवास मराठी वाचकाला माहीत आहे. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके याच घरातून निघाली, त्यामुळे मराठी साहित्याचा विद्यार्थी या कारखान्याला सहसा मागच्या दाराने भेटतो. पण सायकलपासून सुरू झालेले हे घराणे पुढे पाण्याच्या पंपांसाठी नावाजले, याकडे साहित्यवाल्यांचे फारसे लक्ष जात नाही.

त्या पंपाने विहिरीवरून जिला घालवले ती होती मोट. आणि मोट म्हणजे तरी काय? चामड्याची मोठी वाटी. सायकलच्या पंपातली वाटी हवा ढकलते आणि मोट पाणी उचलते, फरक तेवढाच. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथातून गावच्या बलुत्यांची जी व्यवस्था आपल्याला कळते, तिच्यात मोट शिवणे आणि दुरुस्त करणे हे चांभाराचे काम होते. कातडे कमावण्याचे काम ढोरांचे. गावचे मळे ज्या शिवणीवर भिजत, ती घालणारा मात्र गावच्या पाणवठ्यावर अस्पृश्य होता. ही विसंगती नवी नाही. पण मोटेचे चित्र समोर ठेवले की ती हाताला लागेल इतकी स्पष्ट होते.

*

हे सारे गावाकडचे झाले. पुण्यात काय होते? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत खडकवासल्याचे पाणी शहरात नळाने येऊ लागले. नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो ही बातमीही त्याबरोबर पसरली. त्यामुळे सोवळ्याच्या स्वयंपाकाला नळाचे पाणी न वापरणारी घरे पुण्यात पुढे कितीतरी दशके होती. आमचे घर त्यांपैकीच एक. आजी पूजेचे आणि नैवेद्याचे पाणी वाड्यातल्या आडाचेच घेई. नळाचे पाणी तिला 'कातड्यातले' वाटे. नळात पुढे रबराचे वायसर आले, तरी तिचे मत बदलले नाही.

पण त्याच वाड्याच्या जोत्याला टेकून पाच-सहा सायकली उभ्या असत आणि एक पंप सगळ्यांत फिरत असे. त्या पंपातल्या कातड्याविषयी कुणी कधी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. हवा विटाळत नाही असे शास्त्र असावे, किंवा पंपाच्या पोटात काय आहे हे पाहण्याची वेळच आली नसावी. मला दुसरे कारण अधिक पटते. नळाची तोटी वारंवार गळते, घरात बसून उघडावी लागते, म्हणून तिच्या आतले कातडे दिसले. पंप बिघडला की तो घराबाहेर पाठवला जाई आणि नीट होऊन परत येई. जे दुरुस्त करावे लागत नाही, ते आपल्याला माहीत असण्याचे कारण उरत नाही. आपल्या शुद्धतेच्या कित्येक कल्पना अशाच, दुसऱ्या कुणीतरी केलेल्या दुरुस्तीच्या बळावर टिकून होत्या.

पुणे हे सायकलींचे शहर होते, ही आठवण आता सर्वांच्या तोंडी आहे. सकाळी कारखान्यांकडे जाणाऱ्या सायकलींची रांग, कॉलेजच्या आवारातले सायकलींचे स्टँड, ताशी भाड्याच्या सायकली, दिवा नाही म्हणून किंवा डबलसीट म्हणून पोलिसाने अडवणे, असे आठवणींचे एक ठरलेले साहित्यच तयार झाले आहे. सायकलीही हळूहळू देशी होत गेल्या. सोनीपतची ॲटलस, मद्रासजवळची टी. आय., लुधियानाची हिरो (१९५६) हे कारखाने स्वातंत्र्यानंतरच्या दशकभरात उभे राहिले. मग आकुर्डीची स्कूटर आली, १९७२ साली लूना आली आणि ज्या घरात सायकल होती त्या घरात आधी एक आणि पुढे माणशी एक गाडी झाली. २०१७ साली कर्वेनगरात जुन्या सायकलींचे संग्रहालय उघडले. त्याच वर्षाच्या अखेरीस शहरात ॲपवर मिळणाऱ्या भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. जून २०२० मध्ये ॲटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्याचे काम थांबले. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता.

आठवणींच्या या साहित्यात सायकल चालवणारे पुष्कळ भेटतात. सायकल नीट ठेवणारे फारसे भेटत नाहीत. पाण्याचे घमेले, सोल्यूशनची ट्यूब, काळे पडलेले हात असे एक चित्र कडेला असते, पण त्या हातांना वाक्यात कर्तेपद क्वचितच मिळते. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात तक्रार केली आहे ती हीच. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांचा इतिहास म्हणून लिहितो. वापराचा आणि देखभालीचा इतिहास लिहीत नाही. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ साली सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांच्या आधारे भारतीय आधुनिकतेचा जो इतिहास मांडला, त्यात ही उणीव काही अंशी भरून निघते. पण मराठीत हे काम अजून बरेचसे व्हायचे आहे.

देखभाल ही किरकोळ गोष्ट नव्हे, हे शिकवणारा एक धडा आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुष्काळी भागांत विंधणविहिरी खणून त्यांवर हातपंप बसवण्याची मोहीम सुरू झाली. ते पंप ओतीव लोखंडाचे होते आणि त्यांची मूळ घडण परदेशातल्या एकेका कुटुंबाच्या वापरासाठी झालेली. सबंध गावाने दिवसभर हाणल्यावर ते मोडू लागले. खड्डे खणले, पाणी लागले, पंप बसले आणि तरीही गाव कोरडेच, अशी अवस्था ठिकठिकाणी आली. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनऱ्यांच्या कार्यशाळांत यावर उत्तर शोधले गेले. पोलादाचा, कमी सांध्यांचा, दणकट पंप तयार झाला आणि तो 'जालना पंप', 'सोलापूर पंप' म्हणून ओळखला जाऊ लागला. १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने जो 'इंडिया मार्क टू' हातपंप घडवला गेला, त्याच्या मुळाशी सोलापूरचा पंप आहे. हा पंप पुढे जगातल्या कितीतरी देशांत गेला. त्याच्या पोटातही सुरुवातीला चामड्याच्या वाट्याच होत्या. त्या लवकर झिजतात म्हणून १९८० च्या दशकात त्यांच्या जागी नायट्राइल रबर आले आणि वाटी बदलण्यासाठी सगळे पाइप वर ओढावे लागू नयेत अशी 'मार्क थ्री'ची रचना झाली. पंपाचा खरा प्रश्न तो कसा करावा हा नसून, वायसर कुणी, किती वेळात आणि किती श्रमाने बदलायचा हा आहे, हे ओळखायला आपल्याला अशी दोन दशके लागली.

*

माझ्या पंपाला इतका वेळ लागला नाही. तीन दिवस पुरले. जुने चामडे आधी रॉकेलने पुसून एरंडेलात रात्रभर बुडवून ठेवले. खनिज तेलाने रबर फुगते. एरंडेलाने चामडे मऊ होते आणि जवळच्या रबराला धक्का लागत नाही. सकाळी काठ मऊ झाले होते, पण वाटीच्या वळणावर एक चीर उमटली. ते चामडे संपले होते.

मग नवे करायचे ठरवले. सालीने कमावलेल्या जाड चामड्याचा एक तुकडा वहाणा शिवणाऱ्या एका कारागिराकडून मिळाला. त्यातून नळकांड्याच्या व्यासाहून बोटभर मोठी चकती कापली. ती पाण्यात भिजवून एका लोखंडी नळीच्या तोंडावर ठेवली आणि लाकडी ठोकळ्याने हळूहळू आत दाबून तशीच वाळू दिली. दुसऱ्या दिवशी तिला वाटीचा आकार आला होता. काठ धारदार सुरीने सारखे केले, मधोमध भोक पाडले आणि पुन्हा एरंडेल. नळकांड्यात बसवताना काठ दुमडू न देता दांडा फिरवत फिरवत आत सोडावा लागतो. ते चौथ्या प्रयत्नाला जमले. झाकण लावले, अंगठा नळीवर धरला आणि मूठ दाबली. अंगठा उडाला. मुलीने टाळ्या वाजवल्या. पुस्तकाच्या आधारे चाळीस वर्षांत जितका दट्ट्या समजला नव्हता, तितका त्या एका क्षणी समजला, हे प्राध्यापकाने कबूल करायला हरकत नाही.

जुना वायसर घेऊन मी आईकडे गेले. तिचे वय आता अठ्ठ्याहत्तर. भोके दाखवून विचारले, "हा बाबांनी कापला होता का गं?"

ती हसली. "तुझ्या बाबांना साधी कात्री धरता येत नव्हती. बोळाच्या तोंडाशी एक चांभार बसायचा, त्यानं करून दिला. नवं चामडं नको म्हणाला, घरातली जुनी वहाण आणा, तेल प्यालेलं असतं ते, टिकतं. यांनी आपली एक वहाण नेऊन दिली. सासूबाईंना सांगू नकोस म्हणाले. दुसरी वहाण कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होती. एकच वहाण कशी काय राहिली, म्हणून सासूबाई विचारायच्या."

"पैसे किती घेतले?"

"चार आणे. तेही नको म्हणत होता."

"नाव काय होतं त्यांचं?"

आई बराच वेळ आठवत राहिली. बोळाच्या तोंडाशी त्यांच्या शेजारी दूधवाला होता, त्याचे नाव तिला आठवले. समोर राहणाऱ्या बँकेतल्या गृहस्थांचे आडनाव, त्यांच्या तिन्ही मुलींची नावे आठवली. वायसरला दिलेले चार आणे आठवले. "नाव काही आठवत नाही गं," ती शेवटी म्हणाली. "आम्ही कधी विचारलंच नाही बहुतेक."

मराठीची शिक्षिका म्हणून माझ्या कानात अडकले ते वेगळेच. बँकेतले गृहस्थ 'राहायचे'. आणि हा 'बसायचा', 'म्हणाला', 'करून दिला त्यानं'. आईच्या मनात कुणाविषयी तुच्छता नाही. ती ज्या घरात, ज्या पेठेत मराठी शिकली, तिथल्या क्रियापदांनीच हे ठरवून टाकले होते, कुणाला अनेकवचन द्यायचे आणि कुणाला नाही. मीही तीच मराठी शिकले आहे. 'नाव काय होतं त्यांचं' असे मी विचारले खरे, पण त्या 'त्यांचं'साठी मला किंचित थांबावे लागले होते, हे मला माहीत आहे. वहाणा शिवणाऱ्या ज्या कारागिराकडून मी नवे चामडे आणले, त्यांचे नाव विचारायचे मलाही सुचले नव्हते. बॉइलच्या नोकरांविषयी वाईट वाटणे त्या मानाने सोपे होते.

या लेखात आतापर्यंत किती नावे आली, ते मी पुन्हा मोजून पाहिले. क्तेसिबिअस, बॉइल, हूक, टॉमसन, डनलॉप, किर्लोस्कर. सालांसकट, व्यवस्थित. पन्नास वर्षे ज्यांच्या हातच्या कामावर आमच्या घरातल्या सर्व सायकलींची चाके फुगली, त्यांचे नाव इथे देता येत नाही. ते इतिहासाने गाळले असे म्हणणे सोयीचे असले, तरी खरे नाही. त्या माणसापासून तीस पावलांवर आमचे घर होते. ते आम्ही गाळले.

दुसऱ्या दिवशी चामड्याच्या त्या दुकानात पुन्हा गेले. पंप चालला हे सांगायचे होते आणि नाव विचारायचे होते. दोन्ही केले. ते नाव इथे लिहीत नाही, कारण ते त्यांचे आहे आणि त्यांनी ते मला सांगितले, लेखाला नव्हे. मुलीला मात्र सांगितले आहे. पुढचा वायसर बदलायची वेळ येईल तेव्हा कुणाकडे जायचे, हे तिला ठाऊक असावे.